अडलेला नट कसा सोडवावा
(शिरपामाळ येथे दिलेले भाषण)



आज आपण शिरपामाळावर जमलो आहोत. या जागेची गोष्ट तुम्हां सर्वांना माहीत आहे. शिवाजी महाराज १६६४ च्या सुरतेच्या स्वारीवर निघाले. वाटेत त्यांचा मुक्काम या माळावर पडला. जव्हारच्या राजांनी येथे त्यांचे स्वागत केले. त्यांच्या शिरपेचात मानाचा तुरा खोवला. म्हणून हा शिरपामाळ, असे आपले वाडवडील सांगत आले.

येथे आलो की माझ्या मनात एक विचार येतो. एवढी माणसे, एवढे घोडे. त्यांनी पाणी कोठे प्यायले असेल? ते थंडीचे दिवस होते. ओहोळांना पाणी असेल. तीच फौज वैशाखात आली असती तर?

आपल्या जव्हार-मोखाड्यात पाऊस काही थोडा पडत नाही. चार महिने धो धो कोसळतो. तरी होळी झाली की बाया हंडे घेऊन दरीत उतरू लागतात. असे का होते? जमीन उताराची आहे. माती पातळ आहे. खाली काळा कातळ आहे. पाणी थांबत नाही, वाहून जाते. कातळाच्या फटीत जे थोडे मुरते, ते बोअर मारून हातपंपाने वर काढावे लागते.

तो हातपंप उन्हाळ्यात बंद पडला की पाड्यावर काय होते, ते मी तुम्हांला सांगायला नको. पण एक गोष्ट सांगतो. पंप दर वेळी पाणी आटले म्हणून बंद राहत नाही. कधी कधी तो एका गंजलेल्या नटापायी बंद राहतो. त्या नटाविषयी मी आज बोलणार आहे.

माझी चूक

आधी माझी चूक सांगतो. मी तेव्हा एका शाळेचा हेडमास्तर होतो. शाळेच्या आवारात हातपंप होता. शाळेची मुले आणि सगळा पाडा त्याच पंपाचे पाणी पीत. एप्रिल महिना होता. परीक्षा तोंडावर आली होती. एके दिवशी पंपाचा दांडा एकदम हलका लागू लागला. दांडा वरखाली होई, पण पाणी येईना. आतली सळई सुटली होती.

तालुक्याला निरोप गेला. मिस्त्री दोन दिवसांनी येतो असे कळले. मला दोन दिवस थांबवेना. मी म्हणालो, "पंपाचे डोके तेवढे आपण खोलून ठेवू. मिस्त्रीचे काम सोपे होईल." डोके चार बोल्टांनी टाकीवर बसवलेले असते. चारही नट गंजून लाल झाले होते.

सायकल दुरुस्तीचा एक जुना स्क्रू पाना होता. तो नटावर लावला. तो ढिला बसत होता. तरी दोन पोरांनी जोर केला. पाना घसरला. पुन्हा लावला, पुन्हा घसरला. नटाचे कोपरे झिजले आणि नट सुपारीसारखा गोल झाला. मग मी घण आणायला सांगितले. घणाचे चार घाव नटावर बसले. पाचवा चुकला. तो टाकीच्या कडेवर बसला आणि तेथला जोड तडकला.

मिस्त्री सांगितल्या दिवशी आला. पंपाकडे बघून म्हणाला, "गुरुजी, आतले काम दोन तासांचे होते. पण आता ही टाकी काढून वेल्डिंगला न्यावी लागेल."

दोन दिवसांच्या कामाला आठ दिवस लागले. ते आठ दिवस बाया आणि पोरी दरीतल्या झऱ्यावर गेल्या. माझ्या हजेरीपटावर मुलींच्या नावांपुढे रोज गैरहजेरी लागत होती. ती मीच मांडत होतो. मुलींनी शाळेत यावे म्हणून मी घरोघर फिरलेला माणूस. आणि माझ्याच घाईने त्यांची शाळा बुडाली.

त्या मिस्त्रीने नट कसे सोडवले, ते मी जवळ बसून पाहिले. पुढे आणखी कारागिरांना विचारले. ते आज तुम्हांला सांगतो.

नट अडतो कसा?

बोल्टावर आणि नटाच्या आत जे वळणावळणाचे चर असतात, त्यांना आपण आटे म्हणतो. आट्यात आटा बसतो आणि नट घट्ट होतो. पावसाचे पाणी आट्यांत शिरते. लोखंडाला गंज चढतो. आता एक गोष्ट ध्यानात ठेवा. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. आट्यांत जागा तर नसते. मग तो गंज पाचरीसारखा दाबून बसतो. लाकडात पाचर ठोकल्यावर ती नुसत्या ओढण्याने निघते का? तसाच हा नट. त्याला आधी मोकळा करावा लागतो, मग फिरवावा लागतो.

पान्यावरचा आकडा

पहिली गोष्ट, नटाला नेमका बसणारा पाना घ्या. पान्यावर आकडा कोरलेला असतो. तो बहुधा इंग्रजी आकडा असतो. तुम्ही वर्गात ते आकडे शिकला आहात. आता त्यांचा उपयोग करा.

हा आकडा कशाचा? पुष्कळांना वाटते, तो बोल्टाच्या जाडीचा आहे. तसे नाही. नटाच्या समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंमधले अंतर म्हणजे तो आकडा. ते मिलीमीटरमध्ये असते. बोल्ट ६ मिलीमीटर जाडीचा असेल तर पाना १० नंबरचा लागतो. ८ च्या बोल्टाला १३ चा. १० च्या बोल्टाला १७ चा. १२ च्या बोल्टाला १९ चा. काही नव्या बोल्टांना १७ ऐवजी १६ आणि १९ ऐवजी १८ चा पाना बसतो. म्हणून लावून बघावे. पाना हलता कामा नये.

काही जुने पाने इंचाच्या मापाचे असतात. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलीमीटर. १२ मिलीमीटरच्या नटावर तो ढिला बसतो. ढिला पाना कोपरे खातो.

पान्याचे दोन प्रकार आहेत. एक उघड्या तोंडाचा. तो नटाला दोनच बाजूंनी धरतो. दुसरा रिंग पाना, बांगडीसारखा. तो सहाही कोपऱ्यांना धरतो. अडलेल्या नटाला रिंग पानाच लावावा. स्क्रू पाना आणि पाइप पाना चांगल्या नटाला लावू नये.

कोणत्या बाजूला फिरवावे?

नटाकडे तोंड करून बघा. घड्याळाचे काटे जसे फिरतात, तसा फिरवला की नट आवळतो. उलट फिरवला की सुटतो. पण काही ठिकाणी उलटे आटे असतात. सायकलच्या डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. ते सोडवताना काट्यांच्या दिशेने फिरवावे लागते. हे ठाऊक नसले, तर माणूस सोडवतो आहे असे समजून आवळत बसतो.

तेल आणि रात्र

मिस्त्रीने आल्यावर पाना हातात घेतला नाही. आधी तारेच्या ब्रशाने बोल्टाचे बाहेर आलेले आटे घासले. माती आणि सुटा गंज काढला. नट त्या आट्यांवरूनच बाहेर यायचा असतो. वाटेत घाण असली तर तो पुन्हा अडेल.

मग त्याने नटाच्या मुळाशी तेलाचे थेंब सोडले. लहान हातोडीने नटाच्या बाजूंवर टक टक केले. जोराने नाही, दारावर टकटक करावी तसे. त्या हादऱ्याने गंजाला बारीक तडे जातात आणि तेल आत उतरते. संध्याकाळी पुन्हा तेल दिले. रात्रभर तसेच ठेवले.

नांगराचा, गाडीचा किंवा इंजिनाचा नट असेल तर रॉकेल किंवा डिझेल चालते. ते पातळ असते, लवकर शिरते. गंज सोडवायचे तेल बाजारातही मिळते. पण पिण्याच्या पाण्याच्या पंपावर रॉकेल, डिझेल घालू नका. चार थेंब बोअरमध्ये गेले तरी पाण्याला वास लागतो. तेथे खायचे तेल वापरा. मोहाचे तेल थंडीत थिजते, ते कोमट करून घ्यावे. नटाखाली फडके धरावे.

सकाळी मिस्त्रीने रिंग पाना लावला. आणि काय केले? नट आधी आवळला! अगदी केसभर. गंजाची पकड आधी थोडी आवळून मोडते. मग त्याने उलटा फिरवला. पाव फेरा सोडला, थोडा परत आवळला, पुन्हा सोडला. मध्ये तेल दिले. तीन नट असे बाहेर आले. कोठे घण नाही, कोठे आरडाओरडा नाही.

जोर लावताना पाना आपल्याकडे ओढावा, ढकलू नये. ढकलताना नट एकदम सुटला की हात लोखंडावर आपटतो आणि बोटे फुटतात. ढकलणे भागच असेल तर मूठ न वळता उघड्या पंजाने ढकलावे.

नट गोल झाला असेल तर

चौथा नट मी बिघडवलेला. पाना त्याला धरेना. अशा वेळी चार उपाय आहेत. ते क्रमाने करावे.

पहिला उपाय कानशीचा. नटाच्या समोरासमोरच्या दोन बाजू कानशीने घासून पुन्हा सपाट करायच्या. मग एक नंबर लहान पाना त्याला बसतो.

दुसरा उपाय पकडीचा. दाबून कुलपासारखी बसणारी पक्कड मिळते. ती नटावर आवळून फिरवावी. नट आधीच गोल झाला असेल, तर आता पाइप पानाही चालेल. त्याचे दात नटाला खातील, पण तो नट तसाही टाकायचाच आहे.

तिसरा उपाय छिन्नीचा. छिन्नी नटाच्या कडेवर तिरपी धरायची आणि सोडवायच्या दिशेने हळूहळू ठोकायची. छिन्नीचे डोके ठोकून ठोकून भूछत्रासारखे पसरले असेल तर ते आधी घासून घ्या. त्याचा तुकडा उडतो. डोळ्यांवर चष्मा हवा. नट दुसरा मिळतो, डोळा दुसरा मिळत नाही.

चौथा उपाय करवतीचा. लोखंड कापायच्या करवतीने नटाच्या एका बाजूला, बोल्टाला समांतर काप घ्यायचा. बोल्टाच्या आट्यांच्या थोडे अलीकडे थांबायचे. मग कापात छिन्नी घालून एक ठोका द्यायचा. नट उकलतो. मिस्त्रीने आमचा चौथा नट असाच काढला. बोल्टाला ओरखडाही आला नाही. नट फोडण्याचे वेगळे अवजारही असते. त्याची कडी नटावर घालतात आणि पेच आवळतात. आतले पाते नटात घुसून नट फोडते.

नट नुसताच फिरत असेल तर

कधी नट फिरतो, पण बाहेर येत नाही. म्हणजे आटे गेले. तेव्हा आधी बघा, पलीकडे बोल्टच तर फिरत नाही ना? फिरत असेल तर त्याचे डोके दुसऱ्या पान्याने धरावे. बोल्ट स्थिर असेल, तर नटाखाली पातळ छिन्नी सारून नट वर उचलून धरावा आणि तसाच फिरवावा. उरलेल्या आट्यांना तो धरतो आणि वर येतो. तरीही न आला तर करवत आहेच. गेलेल्या आट्यांचा नट किंवा बोल्ट पुन्हा लावू नये. भार पडला की तो सुटतो.

विस्तवाचा उपाय

गाडीच्या चाकाला लोखंडी धाव बसवताना लोहार काय करतो? धाव तापवतो. तापली की ती पसरते आणि चाकावर सहज जाते. थंड झाली की आवळून बसते. नटाचेही तसेच आहे. नट तापवला की तो पसरतो आणि गंजाची पकड तुटते. तापवायचा तो नट, बोल्ट नव्हे.

पण हा उपाय जपून करावा. रॉकेल किंवा तेल घातलेल्या नटाला जाळ लावू नये, भडका उडेल. इंधनाची टाकी, रबर किंवा वायर जवळ असेल तर विस्तव नको. आणि हातपंपाला तर मुळीच नको. त्याच्या लोखंडावर जस्ताचा थर असतो. तो तापला की पांढरा धूर निघतो. तो धूर छातीत गेला तर ताप भरतो. शिवाय जस्त गेले की पंप लवकर गंजतो. पंपाच्या नटावर फार तर उकळते पाणी ओतावे.

बोल्ट आत मोडला तर

बोल्ट भोकात मोडला आणि थोडा बाहेर राहिला, तर वेल्डिंगवाला त्याच्यावर नवा नट जोडून देतो. मग तो नट पान्याने फिरवायचा. वेल्डिंगच्या उष्णतेनेही गंज सुटतो. इंजिनाच्या कामात हे पुष्कळदा करतात.

बोल्ट आतच राहिला, तर त्याच्या नेमक्या मध्यावर पंचाने खूण करतात. ड्रिलने बारीक भोक पाडतात. त्या भोकात उलट्या आट्यांचे एक अवजार घालतात. ते सोडवायच्या दिशेने फिरवले की बोल्टात रुतत जाते आणि बोल्टाला बरोबर घेऊन बाहेर येते. पण ते अवजार फार कडक असते. भोकात मोडले तर ड्रिलसुद्धा त्याला लागत नाही. म्हणून हे काम जाणकाराकडे द्यावे. आपले काम कोठे थांबते, हे ओळखणे हीसुद्धा कारागिरीच आहे.

पंप आपला आहे

या पंपाची थोडी हकीकत सांगतो. पूर्वी गावोगाव बिडाचे हातपंप बसवत. ते मुळात एका घरापुरते केलेले. सगळे गाव दिवसभर हापसू लागले की ते मोडत. आपल्याच महाराष्ट्रात, जालना आणि सोलापूर येथे, विहिरींचे काम करणाऱ्या मंडळींनी पोलादाचे मजबूत पंप तयार केले. सोलापूरच्या पंपावरून १९७० नंतरच्या दशकात 'इंडिया मार्क दोन' हा पंप तयार झाला. आपल्या पाड्यांवर जो पंप दिसतो तो बहुधा हाच. तो पुढे आफ्रिकेतल्या देशांतही गेला. सोलापूरच्या गुणाचे पाणी साता समुद्रांपलीकडची माणसे प्याली.

पण पंप कितीही मजबूत असला तरी नटाला गंज चढणारच. म्हणून चार कामे आपण करावी.

पावसाळ्याआधी नट घट्ट आहेत की नाहीत ते बघावे आणि बाहेरच्या आट्यांना ग्रीस लावावे.

दिवाळीनंतर पुन्हा तसेच करावे. गंजलेला नट त्याच वेळी बदलावा, मे महिन्याची वाट पाहू नये. थंडीत पंप एक दिवस बंद राहिला तर ओहोळाला पाणी असते.

नवा नट लावताना आटे साफ करून थोडे ग्रीस लावावे. पहिले दोन-तीन फेरे नुसत्या बोटांनी फिरवावे. बोटांनी फिरला नाही तर तो तिरपा बसला आहे. तेथे पाना लावला की आटे गेलेच.

पंपाचे डोके खोलले की बोअरच्या तोंडावर लगेच जाड गोणपाट टाकावा. एक नट आत पडला तर सगळी कमाई बुडाली.

पाड्यासाठी एक पेटी असावी. तिच्यात १७ आणि १९ नंबरचे रिंग पाने, लहान हातोडी, तारेचा ब्रश, कानस, करवत, तेल आणि ग्रीसचा डबा. चार नवे नट-बोल्टही असावे. पेटी कोणाकडे आहे आणि नट कधी बदलले, ते वहीत लिहून ठेवावे. आता तुम्हांला लिहिता येते.

ही पेटी बायांच्या हाती असावी असे माझे मत आहे. पंप बंद पडला की दरीत कोण उतरते? ज्याच्या डोक्यावर हंडा, त्याच्या हाती पाना.

शक्तीपेक्षा युक्ती श्रेष्ठ, असे मी मुलांना कितीदा फळ्यावर लिहून दिले. मला स्वतःला ते एका नटाने शिकवले, आणि त्याची किंमत माझ्या शाळेच्या मुलींनी दिली. पुढच्या वेळी नट अडला तर घण आणू नका. आधी पान्यावरचा आकडा वाचा. मग तेल घाला. आणि एक रात्र थांबा.

एवढे बोलून मी माझे भाषण संपवतो.